थारोळ्यावरचे खुशालराव

बार्शीटाकळीच्या अलीकडे जानराव पाटलांच्या मळ्यात पायऱ्यांची रुंद विहीर होती. भर उन्हाळ्यातही तिच्यात तीन पुरुष पाणी असायचं, आणि चौथे पुरुष, म्हणजे खुशालराव, काठावर असायचे.

मोटेचं पाणी जिथे ओततात त्या दगडी थारोळ्यावर ते ओला पंचा गुंडाळून बसत. ही जागा त्यांना कुणी दिली नव्हती. पण एकदा टेकलं की उठायचं नाही हा गुण आपल्याकडे जन्मजात, त्यामुळे वीस वर्षांत ती त्यांची झाली. घरी ते बोलू लागले की बायको गोदाबाई जातं जोरात फिरवायच्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोनदा पडले होते. दुसऱ्यांदा तर सख्ख्या भावानंही मत दिलं नव्हतं. सगळ्या वऱ्हाडात त्यांचा शब्द चालेल अशी जमीन नव्हती, म्हणून त्यांनी पाणी धरलं होतं.

आणि पाण्यात खरोखरच त्यांचं राज्य होतं. उडी थारोळ्यावरूनच मारायची. आधी ज्यानं हाक दिली, उडी त्याची. हाक देऊन खालून "मार!" असं उत्तर येईपर्यंत थांबायचं. उडीच्या रेषेत कुणी पोहायचं नाही. वर आलेल्यानं डाव्या भिंतीला लागून पायऱ्यांकडे जायचं, मधेच तरंगत आभाळ बघायचं नाही. नवशिक्यानं पाठीला भोपळा बांधून शेवटच्या पायरीचा कोपरा धरायचा. तहसिलीतले कारकून महादेवराव तर अख्खा उन्हाळा त्या कोपऱ्यातच होते.

"खुशालराव, मी पोहाले शिकाले आलो जी," ते एकदा काकुळतीला येऊन म्हणाले.

"मंग? आंधी पान्यात उभं राहाले शिका. खुर्चीत बसल्यावानी काहून उभे राहून राहिले?"

पाण्यात उतरल्यावर कुणी कुठे राहायचं याचे इतके नियम होते. पाण्यात उतरायचंच कुणी, याचा मात्र एकही नव्हता. तो सांगायची कधी गरजच पडली नव्हती; गावात तो सगळ्यांना जन्मतःच पाठ असे.

एकोणसाठच्या वैशाखात मात्र गरज पडली. बौद्ध वस्तीतला चंद्रभान पाच वर्षं पलटणीत काढून आला होता आणि शाळेत मास्तर झाला होता. एका दुपारी तो खांद्यावर टॉवेल टाकून सरळ विहिरीवर आला. पाण्यातला गलका थांबला. भोपळेसुद्धा जागच्या जागी थांबल्यासारखे वाटले.

"काकाजी," तो खुशालरावांना म्हणाला, "तुमचे नियम लय कडक आहेत म्हणतात. सांगता का?"

आता वीस वर्षांत खुशालरावांना नियम ओरडावे लागले होते. विचारले कुणीच नव्हते. ते एकदम फुलले. अर्धा तास त्यांनी हातवारे करून सगळं सांगितलं, दोन नियम तर तिथल्या तिथे नवे काढले. चंद्रभाननं ऐकून घेतलं, हाक दिली, उत्तराची वाट पाहिली. खालून कुणी बोलेना. नियम मोडतोय हे बघून शेवटी खुशालरावच खेकसले, "अबे, मार म्हना ना त्याले!"

त्यानं उडी मारली. पाणी जेमतेम उडालं.

आपण काय केलं हे खुशालरावांच्या ध्यानात संध्याकाळी आलं, तेही पाटलांनी बोलावून ध्यानात आणून दिलं तेव्हा.

"खुशालराव, शिवाशिवीचा कायदा झालेला हाय," जानराव पाटील सुपारी कातरत म्हणाले. "माहं नाव याले नोको. तुमचे ते नियम हायेत ना? एखांद्यात पकडा आन् काढून द्या. जमत नसंल तर सांगा, थारोळ्यावर बसनारे गावात लय हायेत."

थारोळं जाणार म्हटल्यावर खुशालराव कामाला लागले. दुसऱ्या दिवसापासून ते गरुडासारखे बसले. चंद्रभान कुठल्या बाजूनं वर येतो, किती वेळ थांबतो, हाक नरड्यातून देतो की नाकातून, सगळं पाहिलं. आठ दिवस गेले. गडी डाव्या भिंतीच्या वीतभरही इकडे येईना. एकदा महादेवरावांचा भोपळा सुटला तेव्हा त्यानंच त्यांना कोपऱ्यात नेऊन लावलं. खुशालरावांची पंचाईत झाली. ज्याला हाकलायचं होतं, तोच विहिरीतला एकमेव शिकलेला माणूस निघाला.

नवव्या दिवशी पाटलांचा अमरावतीला कॉलेजात असलेला भाचा सुट्टीत आला. चंद्रभाननं थारोळ्यावरून हाक दिली, उत्तर आलं, त्यानं पाय उचलला, आणि त्याच क्षणी भाचेसाहेब बाजूच्या भिंतीवरून, हाक ना बोंब, धपकन खाली पडले. थेट उडीच्या रेषेत. चंद्रभाननं हवेतच अंग चोरलं. भाच्याचं डोकं दोन बोटांनी वाचलं, चंद्रभानचा खांदा मात्र भिंतीला घासून सोलला.

पाटील, कायदा, थारोळं, सगळं खुशालरावांच्या डोक्यातून गेलं.

"नीघ बाहीर!" ते ओरडले. "लेका, हे विहीर हाय का बैलाचा हौद? आठ दिवस पाऊल ठेवू नोको इथं!"

"मी कोण आहे माहीत आहे ना?" भाचा निथळत म्हणाला.

"माहीत हाय ना! बिनहाकेचा हायेस. नीघ!"

रात्र पडायच्या आत पाटलांचं बोलावणं आलं.

"मी तुमाले कोनाले काढाले सांगतलं होतं, आन् तुमी काढलं कोनाले?"

"पाटील, पोरगं मेलं असतं ना जी."

"आन् तो मास्तर?"

"त्याची चुकी मी आठ दिवस शोधून राहिलो. नाई सापडली. तुमी या, बसा, शोधा."

पाटलांनी सुपारी खाली ठेवली. "शोधाची गरजच नाई. सोमवारपासून विहिरीवर तेलाचं इंजिन बसते. पोहनं बंद. सगळ्याइचंच."

गावानं ही बातमी ऐकली आणि एकमुखानं ठरवलं की विहीर खुशालरावांनी घालवली. पाटलांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. पाटलांनी तशी इच्छाच व्यक्त केली होती.

सोमवारी थारोळ्याशेजारी इंजिन बसवत होते. खुशालराव लांब बांधावर उभे राहून तासभर पाहत राहिले. मग त्यांना राहवेना.

"अबे ए," ते मिस्त्रीवर ओरडले, "पट्ट्याच्या रेषेत काहून उभा हायेस? इकून हो, इकून!"

मिस्त्रीनं वर पाहिलं, आणि निमूटपणे बाजूला सरकला.