मनीचं कार्ड आणि माझे बांगडे

गेल्या संक्रांतीला माझ्या स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवाला मी सर्वांत उशिरा पोहोचले. तेही ऑफिसच्या चुरगळलेल्या ड्रेसमध्ये, हातात अर्धा डझन बांगडे घेऊन.

सुरुवात मनीपासून करायला हवी. मनी माझी लेक, वय वर्षं दहा. तिला एडीएचडी आहे. म्हणजे नेमकं काय, हे डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीला मी दोन वर्षं समजावून सांगतेय, आणि चाळ मला दोन वर्षं बदाम भिजवून द्यायला सांगतेय. मनीला कोथिंबीर आणायला पाठवलं तर ती तासाभराने परत येते आणि मांजरीने पिल्लं कुठे घातलीत, त्यातलं लंगडं कुठलं, याची पक्की बातमी देते. कोथिंबीर सोडून सगळं आणते! त्यामुळे हळूहळू तिला काही सांगणंच बंद झालं. 'राहू दे, तू नको, मीच करते' हे मी बहुधा झोपेतही म्हणत असेन.

डिसेंबरात इस्पितळातल्या समुपदेशक मॅडमनी तिला एक फॉर्म भरायला दिला. तब्येत, शाळा, मैत्रिणी, घर, थोडक्यात तुझे दिवस कसे जातात ते सांग. प्रत्येक वाक्यापुढे 'नेहमी', 'कधीकधी', 'कधीच नाही' अशा चौकटी. मी पूर्ण तयारीत बसले होते. गणिताचे मार्क, अक्षर, हरवलेल्या सात पाण्याच्या बाटल्या, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार! पण मॅडमनी फक्त एका ओळीवर बोट ठेवलं. 'घरातलं महत्त्वाचं काम माझ्यावर सोपवतात.' मनीने 'कधीच नाही'वर खूण केली होती, आणि ती इतकी गिरवली होती की तिथे कागद फाटला होता.

मला तिथेच रडू फुटलं. मॅडम म्हणाल्या, "काम द्या तिला. पण एका वेळी एकच. कार्डावर लिहून द्या आणि तिच्याकडून म्हणून घ्या."

आता आमच्या चाळीत हळदीकुंकवाचं बोलावणं मोबाइलवर केलेलं चालत नाही. ('मेसेज टाकलान आणि झाली मोकळी!' हे पुढची संक्रांत येईपर्यंत ऐकावं लागतं.) घरातल्या पोरीने दारोदार जाऊन तोंडाने सांगायचं, ही रीत. मी छाती घट्ट केली, कार्ड लिहिलं आणि रविवारी सकाळी मनीला उभी केली.

"काय सांगायचं?"

"आईने शुक्रवारी संध्याकाळी सहाला हळदीकुंकवाला बोलावलंय."

"कोणाकोणाला?"

"तीन माळे, सगळी दारं."

"आणि मांजर दिसली तर?"

"मांजरीला बोलवायचं नाही."

अडीच तासांनी ती परत आली. गुडघ्याला चुना, केसांत जळमट, पण कार्डावर प्रत्येक खोलीपुढे खूण! मी 'शाब्बास' म्हटलं आणि लगेच गुडघा धुवायला पिटाळलं.

सोमवारी साहेबांनी माझी शुक्रवारची अर्धी रजा रद्द केली. मी डगमगले नाही. हळदीकुंकू शनिवारवर ढकललं. वाणाच्या डब्या देणाऱ्या दुकानदाराला कळवलं, काळाचौकीच्या नणंदेला फोन केला, नवऱ्याला सांगितलं, त्याने ऐकलं नाही म्हणून परत सांगितलं. एवढं झाल्यावर, कामं शिस्तीत कशी करावीत यावर मनीला एक छोटं भाषणही दिलं!

शुक्रवारी सुटल्यावर बाजारात बांगडे बघितले. शनिवार तर हळदीकुंकवाच्या गडबडीत जाणार, म्हटलं आज जिवाची चैन करावी. पिशवी झुलवत तिसऱ्या माळ्यावर आले, तर आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग! चाळीत एकाच दारापुढे इतक्या चपला दिसल्या की मनात पहिला विचार कुठला येतो, हे चाळकऱ्यांना सांगायला नको. मी धावतच आत शिरले.

आत वीस-पंचवीस बायका. काठपदराच्या साड्या, गजरे, नथी. सतरंजी अंथरलेली. मध्ये परकर-पोलक्यातली मनी हातात पाण्याचा तांब्या घेऊन सर्वांना ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे पटवून देत होती. शाळा सुटल्यावर ती शेजारच्या पेडणेकर काकूंकडे असते. किल्ली त्यांच्याकडेच. तिनेच दार उघडून सर्वांना बसवलं होतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "अगो बाय माझे! आज तुझ्याकडे हळदीकुंकू, आणि तू बांगडे घेवन खय इलंस?"

"आज? अहो, उद्या आहे! शनिवारी!" आणि मग मी ते केलं, जे आठवलं की अजून माझीच मान खाली जाते. भरल्या घरात मी ओरडले, "मने! एक काम सांगितलं होतं तुला. एक!"

कोपऱ्यातून कोणीतरी मायेने म्हणालं, "जाऊ दे गं, तिला बिचारीला कुठे लक्षात राहतं!" ती माया माझ्या ओरडण्यापेक्षा वाईट लागली असावी. मनीने तांब्या खाली ठेवला. दप्तरातून कार्ड काढलं आणि काकूंच्या हातात दिलं.

काकूंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "'शुक्रवार, संध्याकाळी सहा.' अक्षर तुझाच आसा गो."

बांगड्यांचं पाणी माझ्या पायाच्या अंगठ्यावर टपटपत होतं. दुकानदार, नणंद, नवरा, अख्ख्या जगाला मी शनिवार कळवला होता. जिने बोलावणी केली होती, तिला सोडून!

"आणि मी मंगळवारी जिन्यात तुका म्हटलंय, शुक्रवारी येतंय हां," काकूंनी शेवटचा खिळा ठोकला, "तर तू म्हटलंस, या या!"

(म्हटलं असणार. माझ्या कानाला फोन होता.)

मी सर्वांसमोर म्हटलं, "चूक माझी आहे. मनीने काम चोख केलंय. मने, मी उगाच ओरडले गं तुझ्यावर." आणि लगेच सुटले. चहा टाकायला, साडी नेसायला, तिळगूळ शोधायला. तिन्ही एकदम! एक हात कपाटात, एक गॅसवर, आणि माशांची पिशवी अजून खांद्याला.

"आई, थांब!" मनीने पोलक्याच्या बाहीला नाक पुसलं. "एका वेळी एकच काम. आधी मासे फ्रिजमध्ये. म्हणून दाखव."

"मासे फ्रिजमध्ये," मी म्हणाले.

"आता हात धू. साबणाने!"

घर हसून हसून लोळलं. त्या हसण्यातच मला शेवटी बसलेल्या सावंत वहिनी दिसल्या आणि माझं हसू अडकलं. यांना बोलावलंय? गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवरून आमचं तीन वर्षं बोलणं बंद होतं!

"मीही हेच विचारलं तुझ्या लेकीला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मला बोलावलंय? नक्की? तर म्हणते, कार्डावर 'सगळी दारं' असं लिहिलंय. तुमचं दार आहे ना?" मग पदर सावरत, "वाण आलं नसेल ना तुझं? माझ्याकडे चहाची गाळणी उरलीत. आणते."

त्या दिवशी वाण सावंत वहिनींचं, तिळगूळ काकूंचा, साखर दुसऱ्या माळ्याची. माझं असं फक्त हळदीकुंकू होतं, आणि तेही कुठे ठेवलंय हे मनीने सांगितलं. निघताना काकू तिला म्हणाल्या, "माझी बोलावणी पण तूच कर हां. कार्ड लिहून देतंय." मागून आणखी दोघींनी नंबर लावला. मनी धावत गॅलरीत गेली आणि दोन उड्या मारून परत आली. मी वाटीतलं कुंकू नीट करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवून डोळे पुसले.

शनिवारी घरात शांतता. मी जुना गाऊन घालून निवांत बांगडे तळत बसले (शनिवार पाळणाऱ्यांनी पाळावा!). बरोबर सहाला दार वाजलं. मनीने उघडलं. दारात पैठणी, नथ, गजरा अशा थाटात काळाचौकीची नणंद. हे एकच बोलावणं मी जातीने केलेलं!

मनीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली,

"आई, आत्या माझ्या कार्डावर नव्हती हं!"