बेटावर मागे थांबलेली मावशी

पँट आखूड करण्यात आणि चेनी बदलण्यात जिची वीस वर्षं गेली, त्या शिंपीणबाईला भटकंतीला जाणाऱ्या युवक गटातली सगळी पोरं मावशी म्हणायची. लेक गटात होती म्हणून ती आधी नुसती सोबतीला जायची. लेक लग्न होऊन दूर गेली, मावशी मात्र गटातच राहिली. फाटका तंबू शिवावा तर तिनेच, आणि एकदा तोंड सुटलं की ऐकायचं नाही कोणाचं.

त्या खेपेला बेटावर एका रात्रीचा मुक्काम होता. सकाळी एका मुलीने दोरी सैल बांधली आणि तंबू भुईसपाट झाला. मावशीने तिला चारचौघांत झाडलं. तुझ्या भरवशावर राहणाऱ्याचं काही खरं नाही, असंही म्हणाली. मुलगी खाली मान घालून निघून गेली.

दुपारी वारा फिरला. होडी मावशीच्या दिराची. लाटा पाहून त्याने सगळ्यांना घाईने चढवलं. डोकी भरली तेरा. चौदावी, तीच मुलगी, कुठे दिसेना.

हाका मारून घसे बसले, तरी उत्तर नाही.

"वहिनी, आता निघालो नाही तर सगळेच अडकू," दीर म्हणाला.

मावशी होडीतून खाली उतरली. "तू यांना पोचव. मी तिला घेतल्याशिवाय हलत नाही."

होडी दिसेनाशी झाली तशी ती खडकांवरून बेटाच्या पलीकडच्या टोकाला धावली. मुलगी तिथेच होती. पाय बुटासकट फटीत रुतलेला, आणि भरतीचं पाणी कमरेला लागलेलं. मावशीला पोहता येत नव्हतं. तरी ती खाली उतरली. ओढून पाय निघेना, भिजलेली नाडी सुटेना. खांद्याच्या पिशवीत तंबू शिवायचं सामान होतं. त्यातली मोठी कात्री काढून तिने पाण्याखाली चाचपडत बूट कापायला घेतला. दोनदा लाट डोक्यावरून गेली. एकदा पातं घोट्याला लागलं, मुलगी कळवळली, पण पाय सुटला.

वर आल्यावर मुलगी कुडकुडत म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही गेलात."

"गेले असते तर तुला ओरडायला कोण राहिलं असतं?" मावशी म्हणाली आणि तिला घट्ट कवेत घेऊन बसली.

दिवस मावळायच्या आत वारा पडला आणि दीर परत आला.

मुलगी आपणहून भटकली एवढंच तिच्या घरी सांगा, असं त्याने वाटेत सुचवलं. मावशीने मुलीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना सगळं सांगितलं, आपलं झाडणंसुद्धा.

"ओरडलात ते चुकलंच," ते म्हणाले. "पण थांबलात..." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

मावशी बसली, आणि कापलेल्या बुटाऐवजी नवे घ्यायला मुलीच्या पायाचं माप विचारू लागली.