मिक्सरच्या स्विचवरचं कार्ड

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जुनवानीतल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या स्विचला पेटंटच्या एका भांडणात साक्षीला बोलावणं आलं. निकाल लागायचाय, पण साक्षीदार घरातून निघाला, तेव्हा मी हजर होतो.

माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिनं एक बटण केलं होतं. चालू असलं की हिरवं, बंद असलं की करडं, आणि दुसरं कुणी त्यावर काम करत असलं की पिवळं, वर त्या माणसाचं नाव. तो बाहेर पडेपर्यंत ते कुणालाच दाबता यायचं नाही. दुसरी एक कंपनी म्हणाली, ही कल्पना आमची, पेटंट आहे. आता बटण काढून टाकायची वेळ आली. पोरीचं हे पहिलंच स्वतःचं काम.

"पण ये तो आबांची आयडिया आहे ना," ती फोनवर म्हणाली.

होतीच. माझे वडील, म्हणजे तिचे आबा, स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते. तिथे मशीन उघडण्याआधी, आत काम चालू असताना कुणी ती सुरू करू नये म्हणून, माणूस तिच्या स्विचवर आपलं नाव आणि तारीख लिहिलेलं कार्ड टांगतो. ज्यानं टांगलं त्यानंच काढायचं, मग कितीही मोठा साहेब येवो. बाबांनी हा कायदा प्लांटच्या मरोद्यातल्या आमच्या तेव्हाच्या क्वार्टरमध्येही लागू केला. तिघांची पुठ्ठ्याची तीन कार्डं. मी माझं टीव्हीच्या स्विचवर टांगून अख्खी मॅच बघायचो. बाबा चरफडायचे, पण हात लावायचे नाहीत.

कल्पना जुनीच आहे हे दाखवायला मुलीच्या कंपनीच्या वकिलाला पेटंटच्या आधीची तारीख असलेलं अस्सल कार्ड हवं होतं. माझं हरवलेलं, बाबांच्यावरची तारीख पुसलेली. उरलं आईचं, तारीख शाबूत असलेलं. मिक्सर खरखरायला लागला तेव्हा तिनं ते टांगलं, आल्यावर उघडून बघते म्हणाली आणि दवाखान्यात गेली. तिथून ती आली नाही. तेव्हापासून बाबा चटणी पाट्यावर वाटतात.

मुलगी रजा काढून आली. "आबा, मी परत आणून देईन. पक्का."

"तुयं बटण काय म्हंते? दुसऱ्याचं नाव असलं तं दाबता येते का?"

"नाही."

"मंग?"

मी भाजी निवडायला लागलो. बाबा मात्र उठले. मेन स्विच बंद करून त्यावर स्वतःचं कार्ड टांगलं, पेचकस आणला आणि मिक्सरचा अख्खा बोर्डच भिंतीतून सोडवून, कार्डासकट, नातीच्या हातात ठेवला. ती कार्ड सरळ करायला गेली, तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"हात नको लावू, तिचं काम चालू हाये."