तिसऱ्या कागदावरचं कोकण

चिली हा देश एका कागदावर मावत नाही. भोरच्या स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने तो मला तीन कागदांवर छापून दिला आणि वर विचारलं, "बाई, ह्यो देश हाय का पायजम्याची नाडी?" मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे नकाशाची थट्टा मला खपत नाही. मी पैसे देऊन निघाले. उत्रोलीच्या घरी येऊन तिन्ही कागद चिकटपट्टीने एकाखाली एक जोडले आणि आतल्या खोलीच्या दारामागे लावले.

वरच्या कागदावर वाळवंट होतं. अँटोफगास्ता, अताकामा, पिवळे आणि नारिंगी प्रांत. मधल्या कागदावर राजधानी, वालपराइसो बंदर, बियो बियो नावाचा हिरवा प्रांत. तिसऱ्या कागदापर्यंत येताना दुकानातल्या मशीनची शाई संपत आली होती. तिथे किनाऱ्याचे नुसते तुकडे होते, फुटलेल्या बांगडीसारखे, आणि मागायानेस नावाचा फिकट गुलाबी प्रांत. त्यात पुंता अरेनास हे गाव. माझा धाकटा भाऊ तिथे होता.

आम्ही वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यातले. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शंभरावर मेंढरं होती. दिवाळी झाली की वारंधा घाट उतरून कोकणात जायचं, भात निघालेल्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवायची, शेतकरी देईल ते धान्य घ्यायचं आणि मृगाला चार दिवस असताना घाट चढून परत यायचं. चारच दिवस. आधी निघालं तर खालचं गवत वाया गेलं म्हणून आबा चिडायचे, आणि उशीर झाला तर कोकणातला पाऊस मेंढरं मारतो. मृग कधी फुटणार हे आबा मावळतीकडे बघून सांगायचे आणि ते चुकत नसत. आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोक आबा निघाले की निघायचे.

भावाला हे नको होतं. एका दिवाळीत मेंढरं निघाली आणि हा कापूरहोळच्या ढाब्यावर भांडी घासायला गेला. तिथून मुंबईच्या हॉटेलात, तिथून मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात. आबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सहा वर्षं टाकलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "समुद्रावर भांडी घासतंय." त्या वाक्यात किती राग होता आणि किती लाज, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मग एका वर्षी, दिवाळीच्या तोंडावरच, त्याचा फोन आला. जहाजावरचा करार संपला होता. त्या शेवटच्या बंदरात त्याला कुणीतरी सांगितलं की आसपासच्या माळावर लोकर कातरायला माणसं हवी आहेत. "आक्का, हितं मेंढरं हायत. मोजता येत न्हाईत इतकी. म्या कातरून दावली, तर मालक बगतच राह्यला."

ही बातमी मी वाड्यावर निरोप धाडून आबांना कळवली आणि म्हातारा घाईघाईने खाली आला. वाड्यावर मोबाईलला रेंज नव्हती, फोन ऐकायचा तर माझ्या घरी यावं लागे. मी त्यांना दारामागचा नकाशा दाखवला. त्यांना अक्षरओळख नाही, पण नकाशा त्यांनी माझ्याआधी वाचला. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत डोंगराची रांग, डाव्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. आबांनी ती पट्टी बोटाने वरून खाली हळूहळू चाचपली. "हे तर कोकण हाय," ते म्हणाले. "घाट उतारला की आसंच. मंग आदी सांगायचं न्हाई व्हय, की पोरगं कोकणात मेंढरं घेऊन गेलंय?"

मी हसले आणि म्हणाले, "व्हय आबा. लांबचं कोकण."

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, जितकं दक्षिणेला जावं तितकी थंडी वाढते, हे मी दरवर्षी मुलांकडून घोकून घेते. तरी म्हणाले. त्या दिवशी आबा सहा वर्षांनी पोराशी फोनवर बोलले. मेंढरांची जात विचारली, कुत्री किती, पाणी कुठं, लांडगं हायत का. भाऊ म्हणाला, हितं रातच्या नऊलाबी उजेड असतोय. फोन ठेवल्यावर आबा म्हणाले, "थापा मारतंय," आणि इतके खूश होऊन हसले की मी चहा करायला आत गेले, कारण मला रडू आलं होतं.

त्या वर्षी गुडघे धरल्यामुळे आबांनी मेंढरं चुलतभावाबरोबर कोकणात धाडली आणि स्वतः वाड्यावरच राहिले. त्यानंतर ते बाजारच्या दिवशी यायचे, चप्पल काढून थेट नकाशापुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, "वाच." मी प्रांतांची नावं वरून खाली वाचायची. ते त्यांना तालुके म्हणायचे. वाड्यावर जाऊन ते सांगायचे की आमचं पोरगं पंधरा तालुके खाली उतरलंय. मला ते वाचून दाखवणं फार आवडायचं. घरात पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग होत होता.

शिमग्याच्या सुमारास भावाचा फोन आला तेव्हा आबा नव्हते. तो म्हणाला, "आक्का, लोकरीचं काम संपलं. मालक म्हणतोय, थांबायचं तर थांब, जायचं तर आत्ताच जा, नंतर वाट बंद. हितं मिरगाला बर्फ असतंय. गुडग्याएवडं. आबांना नीट सांग आन् इचार, निघू का थांबू. ते म्हणतील तसं." त्याला आता आबांचं चुकवायचं नव्हतं. एकदा चुकवलं होतं.

आबा दोन दिवसांनी आले. मी म्हणाले, तो विचारतोय, निघू का थांबू. एवढंच म्हणाले. बर्फ हा शब्द तोंडापर्यंत आला होता. पण ते नकाशापुढे उभे होते, हाताने ती पट्टी चाचपत, आणि मला वाटलं, आत्ता सांगितलं तर ह्यांचं कोकण मोडेल. पुन्हा पोरगं भांडी घासणाऱ्या परदेशात जाईल. मग सांगू, असं मी ठरवलं. शाळेत तपासणी होती, तेही एक निमित्त झालं.

"आत्ता कुटं शिमगा," आबा म्हणाले. "मिरगाला चार दिस असताना निघ म्हणावं. त्याआदी कुणी कोकण सोडतं का? अर्दं रान टाकून यायचं न्हाई."

भावाने पुन्हा फोन केला. "सांगितलंस?" त्याने विचारलं.

मी म्हणाले, "सांगितलं. थांब म्हणतात. मिरगाला चार दिस असताना निघ."

 तो म्हणाला, "बरं."

ज्येष्ठ लागायच्या आत जहाजावरच्या त्याच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. हा शिवरे गावचा, त्यानेच तिकडच्या मालकाशी बोलून घेतलं होतं. तीन दिवस वादळ चाललं होतं. मेंढरं एका तारेच्या कुंपणाला चिकटून सापडली, निम्मी जिवंत. माणूस सापडला नाही. पुढे काही महिन्यांनी बर्फ वितळल्यावर शोधलं तेव्हाही नाही.

आबांना मी वादळ एवढंच सांगितलं. ते ओट्यावर बसले, मावळतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाऊस आदी फुटला. माजा अंदाज चुकला." मी तेही तसंच राहू दिलं.

मेंढरं विकून आबा माझ्याकडे राहायला आले, त्याला आता काही वर्षं झाली. नकाशा मी काढायला गेले तर म्हणाले, असू दे. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, तिसरा कागद जवळजवळ पांढरा. दार उघडं टाकलं की तो भिंतीकडे जातो, पण तो तिथे आहे हे मला पाठ फिरवूनही कळतं. सहावीच्या वर्गात उलट्या ऋतूंचा धडा येतो तेव्हा मी मुलांना तो घरी वाचायला सांगते. कापूरहोळला एसटीची वाट बघताना काठी मानेवर आडवी टाकून, दोन्ही हात तिच्यावर लोंबकळत सोडून, भावासारखा चालणारा कुणी पाठमोरा दिसला, की मी त्याच्या मागे चार पावलं जाते. हे वेड आहे हे मला कळतं. तरी जाते. माझ्या कानात त्याचं ओरडणं किंवा रडणं नाही. ते "बरं" आहे.

यंदा मृग जवळ आला तेव्हा एक दिवस सकाळी शेजारचे भातवाले काका ओट्याशी आले. त्यांना तरवा टाकायचा होता, म्हणजे रोपांसाठी भात पेरायचं होतं. त्यांनी नेहमीच्या विश्वासाने विचारलं, "आबा, पाऊस कदी?"

आबा म्हणाले, "मला इचारू नका. माजा अंदाज माणूस खातो."

काका ओशाळून निघून गेले. मी तांदूळ निवडत होते, ते तसंच सूप खाली ठेवलं. इतकी वर्षं हा माणूस न पडलेल्या पावसाचा गुन्हा डोक्यावर घेऊन बसला आहे आणि मी त्याला रोज वेळेवर भाकरी वाढते आहे, असं माझ्या मनात आलं आणि माझी मलाच शिसारी आली. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"आबा, त्यो पाऊस नव्हता. बर्फ हुतं. ते कोकण न्हाई. तिथं मिरगाला कडाक्याची थंडी असती. तुमचा अंदाज चुकला न्हाई, तुमाला म्हाईतच नव्हतं. मला म्हाईत हुतं. त्यानं मला फोनवर सांगितलं हुतं, आबांना सांग म्हणून. म्या सांगितलं न्हाई."

मला वाटलं होतं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला खरोखर क्षणभर हलकं झाल्यासारखं काहीतरी दिसलं. त्या क्षणासाठीच मी बोलले होते. मग ते गेलं.

"त्याला काय वाटलं?" आबांनी विचारलं. "तू मला बर्फाचं सांगितलंस, आसंच वाटलं ना त्याला?"

"व्हय."

"म्हंजी आबाला सगळं म्हाईत हाय, आन् तरी थांब म्हणतोय. आसं समजून थांबला त्यो."

मी हो म्हणाले.