कॅनॉटताई

आमच्या टीममधल्या ज्येष्ठ ताईंचा दरारा होता तो एका शब्दामुळे. साहेबाने विचारावं, "फ्रायडे, कॅन?" आणि ताईंनी लॅपटॉपवरची नजर न हलवता म्हणावं, "कॅनॉट. वेन्सडे." सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसात दुसरं कुणी असं बोलत नसे. इंजिनिअरिंग संपवून पुण्याहून थेट तिथे आलेल्या आम्हा पोरांनी त्यांचं नाव कॅनॉटताई ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

नव्यांना नोकरीसाठी तयार करायला कंपनीने एक ट्रेनर आणला होता. हात कसा मिळवावा, बघावं कुठे, हसावं किती, सगळं त्याने शिकवलं. ताई म्हणाल्या, "दात दाखवायला शिकलात, आता तोंड उघडायला माझ्याकडे शिका." मग जेवणाच्या सुट्टीत फूड कोर्टात शिकवणी सुरू झाली. ताई साहेब व्हायच्या. "फ्रायडे, कॅन?" आमचं ठरलेलं उत्तर, "ट्राय करतो." ताई चमचा खाली ठेवायच्या. "आपल्याकडे 'बघतो' म्हटलं की समोरचा समजतो, हे काही व्हायचं नाही. इथे साहेब क्लायंटला तारीख देऊन मोकळा होतो. आईला भाजी नको म्हणताना जीभ बरी चालते रे तुमची?"

साहेबासमोर मात्र ती चालत नसे. प्रोबेशन संपता संपता मीही 'ट्राय करतो' म्हणून बसलो, आणि काम काही शुक्रवारी होणार नव्हतं. नोकरी पक्की झाली नाही तर तिथे काम करायचा पास रद्द, आणि मग पुण्याचं विमान. मी ताईंना म्हटलं, "तुम्हीच सांगा ना."

"तोंड तुझं आहे, तूच सांग. मी दाराशी उभी राहते."

मी आत जाऊन सांगितलं. साहेब भडकला. असल्या माणसाला पक्कं कशाला करायचं, म्हणाला. तेव्हा ताई आत आल्या. "याने आधी येऊन सांगितलं. सांगणाऱ्यालाच काढलंत, तर उद्यापासून तुम्हाला खरं कोण सांगेल?"

मी पक्का झालो.

पुढे माणसं कमी करायची ठरलं. नव्या पोरांतली जी 'तयार' नाहीत त्यांची नावं द्या, असं वरून ताईंना सांगण्यात आलं. "कॅनॉट," ताई म्हणाल्या. "सगळ्यांना मी तयार केलंय." आम्ही हातापाया पडलो, "ताई, निदान बघते म्हणा, थोडा वेळ मिळेल." त्या आमच्यावरच उखडल्या. "मग इतके दिवस मी तुम्हाला काय शिकवलं?"

मग त्यांनाच काढलं. त्या वरच्या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

शेवटच्या दिवसांत साहेब त्यांच्या टेबलाशी घुटमळला. ताईंचं काम आता मला सोपवायचं होतं. त्याने हळूच विचारलं, "हँडओव्हर... फ्रायडे, कॅन?"

ताईंनी मान वर केली नाही. "कॅनॉट. वेन्सडे."

साहेबाला पुढच्या बुधवारपर्यंत थांबावंच लागलं. बुधवारी दुपारी सगळं चोख माझ्या हाती देऊन ताई निघाल्या. त्यांनी दिलेली तारीख कधी चुकलीच नव्हती.