पंपाशेजारची करवंटी

नेत्राच्या टेबलावर दोन सर्किट बोर्ड होते, एक जिवंत आणि एक मेलेला. मशीन चालू झालं की सगळ्यांत आधी जागा होणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. ते ती एका बोर्डावर चढवत असताना आगाशी गावाची लाइट गेली आणि तो बोर्ड पुन्हा उठलाच नाही. भारनियमनाचे दिवस होते ते; वेळा ठरलेल्या, पण लाइट त्या पाळेल तर ना! ऑफिसने बजावलं, दुसराही गेला तर काम दुसऱ्याकडे. कॉलेजनंतर वर्षभर वाट पाहून मिळालेलं पहिलंच काम.

म्हणून तिने बोर्डाची नक्कल करणारं व्हर्च्युअल मशीन उभं केलं, कॉम्प्युटरच्याच पोटात. बिघडलं तर पुन्हा सुरू करायचं, इतकंच. सुरू करतानाच्या कमांडमध्ये ती सांगे, ‘आज नेटवर्क नको, फक्त मेमरी तपास.’ फर्मवेअर ढिम्म. तिचं सांगणं पोहोचायचं ते मागाहून उठणाऱ्या कर्नेलकडे, म्हणजे मुख्य प्रोग्रामकडे. तोवर फर्मवेअर आपलं काम उरकून मोकळं.

दारात सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या द्वारकाने, तिच्या आईने, मान वर केली. “हाही गेला का गं?”

“नाही गं आई. सांगते ते ऐकतच नाही.”

“बाबांवर गेलंय मग.”

नेत्राला हसू आलं. तिचे बाबा नरहरी घरात सगळ्यांच्या आधी उठून वाडीतला पंप सुरू करायचे. रात्री सांगितलेलं सकाळी विसरलेले असत. म्हणून द्वारका पंपाच्या बटणाशेजारच्या कोनाड्यात करवंटी पालथी घाले: आज चाफ्याला पाणी नको.

“पण करवंटी बघतात ना ते?”

“आता बघतात. आधी मी नुसतीच ठेवायचे, तेव्हा कुठे बघत होते? सवय लावावी लागली बाई!”

नेत्राचा हात थांबला. आपण नुसतं सांगतच बसलो. बघायचं त्याला शिकवलंच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू करतानाच निरोप ठेवता येईल असा कोनाडा होता. उठल्याबरोबर तिथे बघायचं, असं तिने फर्मवेअरमध्ये लिहिलं. खऱ्या बोर्डाला कोनाडा नाही. तिथे काही सापडलं नाही तर नेहमीचं काम करायचं, हेही लिहिलं. मग हव्या तितक्या चाचण्या झाल्या.

शेवटी ते खऱ्या बोर्डावर एकदा चढवायचंच होतं. तिने केबल जोडली, तशी द्वारका उठून मीटरखाली जाऊन उभी राहिली.

“तिथे उभं राहून लाइट थांबणार आहे का, आई?”

“तू तुझं बघ.”

काम पुरं झालं. बोर्डावरचा हिरवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला आणि तसाच राहिला.

“जगला?” मीटरखालूनच द्वारकाने विचारलं.

“जगला.”

तेव्हा कुठे तिने शेंगांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.