गिळलेला ठोका

जगातला सर्वांत थोर ढोलवाला कोण, हा प्रश्न सगळ्या पृथ्वीवर एकाच माणसाला मनापासून पडला होता आणि तो माणूस माझ्या फुईचा नवरा होता. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. फुवांना देशाचं काय होणार ही चिंता नव्हती, तापीला पूर येणार की नाही हीही नव्हती. प्रकाशा या गावी नदीकाठी त्यांची केळीची बाग होती, पण केळीलाही ते ढोल वाजवणाऱ्याला पाणी पाजावं तसं, जरा घाईघाईने, पाणी पाजत. ढोल, ताशा, मृदंग, संबळ, बँडमधला ड्रम, पत्र्याचा डबा, जे म्हणून बडवता येतं त्या सगळ्यांचे ते स्वयंघोषित न्यायाधीश होते. चार गावांत कुठेही लग्न असलं की फुवा हजर. बोलावणं त्यांना लागत नसे. जेवायला थांबत नसत. वरातीत नवरदेवाच्या नव्हे, ताशेवाल्याच्या शेजारून डोळे मिटून चालत आणि मध्येच डोळे उघडून एकच शब्द उच्चारत, "घसरना!" तो शब्द ऐकून ताशेवाल्याची टिपरी खरोखरच घसरत असे.

वादक पसंत पडला नाही तर फुवा भांडत नसत, टीका करत नसत, फक्त त्याच्याकडे पाठ करून बसत. भजनात मृदंग चुकला की ते शांतपणे उठायचे, आपली बसायची घोंगडी उचलायचे, उलटी टाकायचे आणि भिंतीकडे तोंड करून भजन पूर्ण ऐकायचे. एकदा शहाद्याला कोणी मोठे पाहुणे आले होते, बँड लागला होता, रस्त्याच्या दुतर्फा माणसं हार घेऊन उभी होती, आणि त्या सगळ्या रांगेत एकटे फुवा पाहुण्यांना पाठ दाखवून उभे. शिपायाने येऊन दरडावलं, "कोणत्या पक्षाचे रे तुम्ही?" फुवा म्हणाले, "ढोलना!" शिपायाने हा ढोलाचा पक्ष ऐकला नव्हता, पण तो धोकादायक असावा असं वाटून त्याने फुवांना तासभर चौकीत बसवलं. तिथेही ते टेबलावर बोटं वाजवत होते. फौजदाराने चहा पाजून घरी पाठवलं.

फुई या सगळ्याकडे एखाद्या जुन्या आजाराकडे पाहावं तसं पाहायची. "मन्हा लगनमा बठ्ठा व्हतात, नवराच नव्हता!" सगळे हजर आणि नवराच गायब, ही गोष्ट ती प्रत्येक पाहुण्याला सांगे आणि प्रत्येक वेळी तितकीच रागावे. झालं होतं ते असं, की वरातीतला संबळवाला दमला म्हणून नवरदेवच घोड्यावरून उतरून संबळ वाजवत मागे राहिले. रिकामा घोडा मांडवाशी पोचला. मुलीकडच्या म्हाताऱ्यांनी नीट न बघताच घोड्याला ओवाळलं. फुवा त्यावर एवढंच म्हणत, "मुहूर्त चुकना व्हई, सम नही चुकनी."

पण फुवांचं खरं न्यायालय त्यांच्या शेतात होतं. विहिरीवर पाणी उपसणारं एक क्रूड ऑइलचं इंजिन होतं, मोठ्या लोखंडी चाकाचं, रुंद पट्ट्याचं. ते दिवसभर तुक्-तुक्-तुक् करत राही आणि मध्येच, कधी बाराव्या, कधी विसाव्या ठोक्याला, एक ठोका गिळत असे. घासात खडा यावा आणि माणसाने थबकावं, तसं. मग पुन्हा तुक्-तुक्. तो गिळलेला ठोका नेमका केव्हा येणार हे चौदा वर्षांत कोणालाही ओळखता आलं नव्हतं. शहाद्याचा मिस्त्री ते दुरुस्त करायला आला, तेव्हा फुवांनी पान्ह्यासकट त्याला बांधापलीकडे पोचवलं. "हाई इंजिन नही शे भो, परीक्षक शे." ज्याला फुवांकडून थोर म्हणवून घ्यायचं असेल त्याने या इंजिनासोबत वाजवायचं, असा नियम होता. बागेतल्या एका सरीचं पाणी संपेपर्यंत वाजवायचं आणि गिळलेल्या ठोक्याला हात रिकामा पडू द्यायचा नाही. शहाद्याच्या बँडचा ड्रमवाला जरीचा कोट घालून आला होता. पाच मिनिटं त्याने असं वाजवलं, की केळीची पानं डोलताहेत असं वाटावं. मग इंजिनाने ठोका गिळला आणि नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसा त्याचा हात हवेत कोसळला. तो भडकला. "तुमचं इंजिनच बेताल आहे!" फुवा म्हणाले, "दुनियाच बेताल शे. तिन्हासंगेच वाजाडनं पडस. तू वाजाडस चांगलं, पन ऐकस नही." आणि पाठ केली.

या परीक्षेला एकही माणूस उतरला नव्हता. तरीही उत्तर फुवांना ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी होळीच्या आधीच्या बाजाराला ते सातपुड्यातल्या काठी गावाकडे गेले होते. तिथे भर दुपारी, शेकडो माणसांच्या गर्दीत, त्यांनी वेस्ता नावाच्या एका पहाडी माणसाचा ढोल ऐकला. कमरेएवढा उंच ढोल, एका हातात काठी, दुसरा हात मोकळा. फुवा त्या बाजारात मिरच्या आणायला गेले होते. आले ते मिरच्यांशिवाय आणि दोन दिवस उशिरा. तेव्हापासून जगातला सर्वांत थोर ढोलवाला वेस्ता, हे त्यांचं ठाम मत होतं. फक्त वेस्ताने इंजिनासोबत वाजवलेलं नव्हतं. निकाल तयार होता, परीक्षा राहिली होती.

हे असं चाललेलं असताना मी पुण्याला कॉलेजात शिकत होतो आणि आमच्या वसतिगृहात जगातला सर्वांत थोर रॉक ड्रमर कोण यावर रोज जेवणाच्या पंगतीत भांडणं होत होती. आम्ही कोणी त्यांतला एकही प्रत्यक्ष पाहिला नव्हता. पण एका इंग्रज पोराच्या नावाने मी दोन मित्रांशी बोलणं सोडलं होतं. होळीच्या सुट्टीत मी त्याच्या गाण्याची एक तबकडी आणि मित्राचा चावीचा ग्रामोफोन उराशी धरून नंदुरबारला उतरलो आणि बसने प्रकाशाला आलो. फुवांचा ढोलवाला एका दुपारीत उडवून लावायचा, असा माझा बेत होता.

अंगणात शिरलो तर एक विचित्र प्रकार दिसला. फुवा ओट्यावर डोळे मिटून बसले होते आणि फुई तुळशीपाशी उभी राहून पळीने पितळी लोटा वाजवत होती. टण्. फुवा गप्प. फुई दोन पावलं पुढे आली. टण्. गप्प. आणखी दोन पावलं. टण्. "उना, आवाज उना!" फुवा म्हणाले. "आज कथाईन वाजाडं?" फुई म्हणाली, "निंबपाशीन." निंब अंगणाच्या पार टोकाला होता आणि ती उभी होती ओट्याला लागून. माझ्याकडे पाहून तिने डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. मग चुलीपाशी तिने सांगितलं. फुवांचा उजवा कान गेला होता, डावा जात होता. नंदुरबारच्या डॉक्टरांनी इंजिनाजवळ आणि ढोलाजवळ जाऊ नका म्हणून बजावलं होतं. फुवांनी त्यांना एकच विचारलं होतं, किती दिवस? त्यानंतर त्यांनी पहाडातल्या बाजारांना जाणाऱ्या बांगडीवाल्याबरोबर वेस्ताला निरोप धाडला होता, ढोल घेऊन ये. त्याला बारा दिवस झाले होते. रोज सकाळी फुवा लोट्याने कान मोजत आणि मग दिवसभर रस्त्याकडे बघत बसत. "त्याले ऐकाना आधी कान बंद पडना," फुई म्हणाली, "ते हाऊ मानूस मन्हासंगे बी बोलाव नही." आणि धुराच्या नावाने पदराने डोळे पुसले.

मी ग्रामोफोन कुठेतरी लपवणार होतो. पण फुवांनी तो पाहिला होता. "काय शे त्यामा?" मी सांगितलं, जगातला सर्वांत थोर ड्रमर आहे. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मला माझ्याच सामानाचा अभिमान वाटला. "मंग चाल इंजिनवर!"

विहिरीपाशी दगडावर ग्रामोफोन ठेवला. फुवांनी डावा कान, आणि कानापाठोपाठ जवळजवळ सगळं डोकं, भोंग्यात घातलं. मी सुई टेकवली. इंग्रज पोराने गडगडाट सुरू केला आणि भोंग्यातून फुवांचा घोगरा आवाज आला, "वा रे पठ्ठ्या! हात शेत का पाय?" मी विजयाने छाती फुगवली. तेवढ्यात इंजिनाने ठोका गिळला. पोरगं आपलं वाजवतच राहिलं. फुवांनी डोकं बाहेर काढलं. "देख! त्यानी इंजिनकडे ढुंकून बी देखं नही." मी ओरडलो, "फुवा, तो तबकडीत आहे! त्याला इंजिन ऐकू कसं येणार?" "तेच सांगस मी. त्याले ऐकू येस नही." मी पुढे काही बोलणार तोच ग्रामोफोनची चावी उतरत आली आणि इंग्रज ड्रमर मंदावत, रडवेला होत, म्हातारा होऊन थांबला. "दमना!" फुवा म्हणाले. मी घाईघाईने चावी भरू लागलो. फुवांनी माझा हात धरला. "त्याले चावी द्याले लागस आनि तू त्याले मोठा म्हनस? वेस्ताले चावी द्याले कोनी जास का?" पुण्याच्या पंगतीत कोणी असा मुद्दा मांडला नव्हता.

वेस्ता त्यानंतर दोन दिवसांनी आला. सकाळी नऊच्या सुमाराला रस्त्यावर आधी ढोल दिसला आणि मग ढोलाखालचा माणूस. वाळक्या सागासारखा, पन्नाशीचा, अनवाणी. निरोप मिळायलाच अकरा दिवस लागले आणि मग तो तीन दिवस चालत आला होता. त्या सकाळी फुईने लोटा ओट्याच्या पहिल्या पायरीवर चढून वाजवला, तेव्हा कुठे फुवांना ऐकू आला होता.

वेस्ता शेतात गेला, ढोल टेकवला आणि वाजवायला सुरुवातच केली नाही. इंजिनासमोर उकिडवा बसला, विडी पेटवली आणि ती संपेपर्यंत ऐकत राहिला. मग बाजारात बोलतात तसल्या मोडक्या अहिराणीत म्हणाला, "याना दम अटकस." उठला, ढोल गळ्यात घातला आणि काठी टाकली. कसं सांगू? मला वाटलं होतं, गडगडाट होईल. तो इंजिनाच्या बरोबर चालू लागला, जसं एखाद्या म्हाताऱ्याबरोबर आपण पाऊल बेताने टाकतो. मग हळूहळू त्याने जमीन उचलली. विहिरीतलं पाणी थरथरताना मी पाहिलं. शेजारच्या शेतातले बैल चरायचे थांबले. आणि मग इंजिनाने ठोका गिळला. त्या रिकाम्या जागेत वेस्ताने मोकळ्या तळव्याने चामड्यावर एक अगदी हलकी थाप ठेवली. मारली नाही, ठेवली. पोराला ओढा ओलांडताना हाताला धरावं, तशी. इंजिन पलीकडे उतरलं आणि पुन्हा तुक्-तुक्. पुढचा गिळलेला ठोका आला, त्याही आधी तळवा तिथे होता. त्याच्या पुढचाही. सरीचं पाणी संपलं, दुसरी सरी भरली, कोणाला भान नव्हतं.

मी फुवांकडे पाहिलं. ते डोळे मिटून मान डोलावत होते. बराच वेळ पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्यांची मान इंजिनाबरोबर डोलते आहे. पायाखालची जमीन हलते, तिच्याबरोबर. आणि गिळलेला ठोका आला की मान अधांतरी थांबते आहे, बँडवाल्याचा हात रिकामा पडला होता तशीच. ती थाप त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

वेस्ता थांबला. फुवा माझ्याकडे वळले. "गिळेल ठोकावर त्यानी काय करं?" त्यांनी माझं मनगट धरलं. "आते तू मन्हा कान व्हय. खरं सांग. खोटं सांगशी ते तुन्ही फुईनी आन शे." मनात आणलं असतं तर माझा इंग्रज पोरगा त्या क्षणी जिंकला असता. मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "भरला! प्रत्येक भरला! हलक्या थापेने! एकही चुकला नाही!" आयुष्यभराचा निकाल हाती आला होता आणि तो दुसऱ्याच्या तोंडून आला होता.

वेस्ताला कोणी काही सांगितलं नाही. तो फुवांकडे बघत होता. मग तो जवळ आला, फुवांचा पंजा धरून त्याने ढोलाच्या दुसऱ्या तोंडावर, चामड्यावर पसरून ठेवला आणि पुन्हा इंजिनाबरोबर चालू लागला. या वेळी ठोका गिळला गेला तेव्हा फुवांची मान थांबली नाही. त्यांनी डोळे उघडले. मी वेस्ताला विचारलं, तुला कळतं कसं, आता गिळणार म्हणून? वेस्ता म्हणाला, पडण्याआधी माणूस श्वास घेतो, तसं हे इंजिन गिळायच्या आधीचा ठोका जरा खोल घेतं. मी ते फुवांच्या कानात ओरडलो. "हाऊ ठोका मी चौदा वरीस ऐका," फुवा म्हणाले, "नि माले समजनाच नही." आणि मग त्यांनी जे कोणासमोरही केलं नव्हतं ते केलं. वेस्ताकडे तोंड करून, खाली मातीत, मांडी घालून बसले.

वेस्ता दोन दिवस राहिला, केळीचा घड आणि फुईने दिलेलं लुगडं घेऊन पहाडात परत गेला. मी पुण्याला गेलो, पंगतीत बसलो आणि रॉक ड्रमरच्या वादात पहिल्यांदाच काही बोललो नाही. मित्रांना वाटलं, मी हरलो. पुढे शेतावर विजेची मोटार आली. ती न चुकता, एकसारखी गुणगुणते. मिस्त्रीला आता कोणी हाकलत नाही.

त्यानंतर मी एकदाच प्रकाशाला गेलो. फुवांना तोवर काहीच ऐकू येत नव्हतं. सकाळी अंगणात शिरलो तर फुई ओट्यावर त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, मांडीवर पितळी लोटा, हातात पळी. फुवांनी आपला पंजा लोट्याच्या पोटाला लावला होता. फुई एका लयीत पळी मारत होती. मग जरा थांबली, मुद्दाम, त्यांना फसवायला. फुवा हसले आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी तळव्याने लोट्यावर एक हलकी थाप ठेवली.